पोट कापलं, भूक राहिली

ऑपरेशनला आता सव्वा वर्ष झालं. माझं वजन एकशे अठ्ठावन्नवरून चौऱ्याण्णववर आलं आहे. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "विलासभाऊ, ओळखूच आला नाहीत!" मग जरा जवळ सरकून विचारतो, "आमच्या मेहुण्याचं करायचं म्हणतो आहोत, कसं असतं हो?" भर चौकात उभा राहून मी काय सांगणार? "चांगलं असतं, करून टाका," म्हणतो आणि गाडीला किक मारतो. घरी येईपर्यंत स्वतःचा राग येत राहतो, कारण जे सांगितलं ते अर्धंच खरं असतं.

उरलेलं अर्धं इथे लिहितो आहे. जेवताना वाचू नका. ऑपरेशनच्या आधी मी मोबाइलवर कितीतरी लोकांचे अनुभव ऐकले. सगळे हसत होते, सगळ्यांच्या हातात जुनी, तंबूएवढी पँट होती. वासाबद्दल, ओकारीबद्दल, खोटं बोलण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कोणी काढला असता तर मी थोडा कमी मूर्खपणा केला असता, असं वाटतं.

घडी

माझं जळगावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी येतात, आम्ही त्यांत नवी तांब्याची तार भरून देतो. बसून करायचं काम. वीस वर्षं मी बसलो आणि खाल्लं.

पोट इतकं वाढलं की ते मांड्यांवर घडी होऊन पडायचं. त्या घडीखालची जागा मी स्वतः कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिथे वारा लागत नाही. घाम मुरतो, कातडी सोलवटते, खाजवलं की चिकट पाणी येतं. आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या घडीतून ओल्या गोणपाटासारखा आंबूस वास यायचा. दुकानात गिऱ्हाईक समोर वाकलं की मी खुर्ची मागे ढकलायचो.

रोज सकाळी आंघोळ झाली की मी पलंगावर आडवा व्हायचो, दोन्ही हातांनी पोट वर उचलून धरायचो, आणि माझी बायको रेखा तिथे मलम लावून पावडर टाकायची. सहा वर्षं हे चाललं. याबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. एरवी रेखा भरपूर बोलणारी. मलम लावताना मात्र गप्प असायची. ती कामात असते म्हणून गप्प असते, असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी कपाटाच्या आरशाकडे माझं लक्ष गेलं. तिचे गाल फुगलेले होते, ओठ घट्ट मिटलेले. ती श्वास धरून होती. मलम लावून झाल्यावर उठली, खिडकीपाशी गेली, आणि तिथे तिनं श्वास सोडला. मग मोरीत जाऊन हात धुतले. परत धुतले. तिसऱ्यांदा धुतले. नळाचा आवाज ऐकत मी दोन्ही हातांत पोट धरून तसाच पडून राहिलो.

तेवीस पुऱ्या

थंडीत आमच्याकडे शेतावर भरिताच्या पार्ट्या होतात. माझा शाळेपासूनचा मित्र सुनील केळीचा व्यापारी. फैजपूरजवळच्या त्याच्या शेतात आम्ही दरवर्षी जमायचो. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, वर मिरची-लसणाची फोडणी, आणि कढईतून निघतील तशा पुऱ्या. मी गेल्याशिवाय पार्टी सुरू व्हायची नाही. कारण मी खायला लागलो की बाकीचे मोजायला लागायचे.

त्या वर्षी मी तेवीस पुऱ्या खाल्ल्या. पंधरानंतर चव लागत नव्हती. अठरानंतर घशात तेल वर येत होतं, ते मी गिळत होतो. पण मंडळी ओरडत होती, "विल्या, अजून एक!" आणि कोणीतरी मोबाइल धरला होता. खरं सांगतो, मला मान मिळाल्यासारखं वाटत होतं.

तो व्हिडिओ फिरत फिरत माझ्या मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेला. वर कोणीतरी लिहिलं होतं, 'खान्देशचा खड्डा'. तनू तेव्हा अकरावीला होती. ती ग्रुपमधून बाहेर पडली आणि दोन दिवस कॉलेजला गेली नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पप्पा, तुम्ही खाल्लं त्याचं काही नाही. पण तोंडात घास असताना तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून हसलात. सगळं दिसत होतं आतलं."

मी व्हिडिओ काढून पाहिला. तिचं खरं होतं. सगळं दिसत होतं.

तरी पुढची दोन वर्षं मी काहीच केलं नाही. नुसत्या किळसेनं माणूस सुधारत नाही. मी तरी सुधारलो नाही. किळस आली की मी फ्रिज उघडायचो.

दवाखान्यातली झोप

आईला फैजपूरहून जळगावला आणत होतो. दुपारची वेळ, गाडी मीच चालवत होतो. नशिराबाद मागे पडलं एवढं आठवतं. त्यानंतर एकदम आईची किंकाळी आणि गचका. गाडी रस्ता सोडून कडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळली होती. मी झोपलो होतो. उघड्या डोळ्यांनी बसलो होतो म्हणे, पण झोपलो होतो. आईचं डावं मनगट मोडलं.

जळगावात हाडांच्या डॉक्टरांकडे तिला नेलं. ती आत प्लास्टरला, मी बाहेर तिचा एक्सरे मांडीवर घेऊन बसलेलो. पुन्हा डोळा लागला. जागा झालो तेव्हा डॉक्टर माझ्यासमोर उभे होते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. आजूबाजूचे पेशंट माझ्याकडे बघत होते. माझ्या हनुवटीवरून लाळ एक्सरेच्या पाकिटावर गळली होती.

"तुमचा श्वास पंचवीस सेकंद बंद होता," ते म्हणाले. "मी मोजला. मग तुम्ही गुदमरल्यासारखे दचकलात आणि पुन्हा बंद. आईंचा हात जुळेल. तुमचं काय करायचं?"

त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त तपासलं, झोपेची तपासणी झाली. साखर भलतीच वाढलेली, बीपी वाढलेला, झोपेत घशात मांस पडून श्वास अडतो म्हणून मेंदू दिवसा झोप काढून घेतो. दोन दिवसांत एवढं सगळं कळलं. फक्त वजन कळलं नाही. त्यांचा काटा दीडशेपर्यंतच होता, मी उभा राहिलो आणि आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा आल्या. डॉक्टर म्हणाले, "कुठे मोठा काटा मिळाला तर करून कळवा."

मोठा काटा सुनीलकडे होता, केळीचे घड तोलायचा. मी त्याच्यावर चढलो. गाडीत माल भरणारे हमाल हातातलं काम टाकून बघायला आले. आकडा थांबला तसा त्यांतला एक ओरडला, "आठ घड!" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. ते हसणं अजून कानात येतं तेव्हा मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घरातली भांडणं

पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं गेलं. नाशिकच्या एक सर्जन मॅडम धुळ्याच्या एका दवाखान्यात येऊन ती करायच्या, आणि धुळ्याला माझी मोठी बहीण राहते, आम्ही तिला अक्का म्हणतो. म्हणून धुळे ठरलं.

आई प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून रडली. "इलास, पोट कापून टाकतीन त जेवशीन कशात? खाऊन-पिऊन सुखी मानूस, त्याले कायचा आला आजार?" हात मी मोडला होता, तरी तिला मी आजारी वाटत नव्हतो. ती उलट माझ्यासाठी शेजारणीकडून मांडे करवून घेऊन आली होती, ऑपरेशनच्या आधी एकदा पोटभर खाऊन घे म्हणून.

रेखाचं वेगळंच. ती म्हणाली, "करायचं तर करा. पण मी पहाऱ्यावर बसणार नाही. सहा वर्षं मलम लावलं, आता तोंडाला कुलूप लावायचं काम मला सांगू नका."

मला ते लागलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती काही चूक बोलली नव्हती, हे मान्य करायला मला पुढे दवाखान्याचा दुसरा फेरा लागला.

धुळे

दवाखान्याचा झगा मला मागून मिटेना. शेवटी दोन चादरींच्या गाठी मारून मला गुंडाळलं. अंगावरचे केस काढायला एक माणूस आला. त्यानं माझं पोट उचललं, आत बघितलं, तोंड फिरवलं आणि बाहेर जाऊन कोणालातरी म्हणाला, "मावशीलाच पाठव, मला जमणार नाही."

मी छताकडे बघत पडून होतो. वाटलं, उठावं, चादरीत गुंडाळलेला तसाच रस्त्यावर जावं आणि घरी निघून जावं. पण उठायला दोन माणसं लागली असती.

मावशी आल्या. साठीच्या, बारीक, हातात गरम पाण्याची बादली. त्यांनी पंचा पिळला आणि घडीत हात घातला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. श्वासही धरला नाही. सगळं स्वच्छ पुसलं, कोरडं केलं, मग केस काढले. मी म्हणालो, "मावशी, घाण वास येतो, मला माहीत आहे."

"लाजू नको भाऊ," त्या म्हणाल्या. "मी बठ्ठं देखेल शे. बठ्ठासनं आंग सारखंच ऱ्हास."

सगळ्यांचं अंग सारखंच असतं. तसं ते नसतं, हे त्यांनाही माहीत असणार. पण त्या क्षणी मला रडू फुटलं, आणि त्यांनी त्याच पंचाच्या कोरड्या टोकानं माझे डोळे पुसले. तो पंचा कुठे कुठे फिरला होता हे आठवून मला रडता रडता हसू आलं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा पोटातून एक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाच्या डबीत गुलाबी पाणी साचत होतं. घशात ओरखडे. तोंडात लोखंडाची चव. संध्याकाळी उभं केलं, चालवलं. दुसऱ्या दिवशी पाणी दिलं, औषधाच्या टोपणाएवढ्या कपात. एक कप पंधरा मिनिटांत संपवायचा. मी सवयीनं एका घोटात टाकला. छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं झालं आणि पाणी फेसासकट नाकातून बाहेर आलं.

रेखानं भांडं धरलं होतं. ती म्हणाली, "घोट घोट." नंतर पंधरा दिवस ती माझ्याशी फक्त हे दोनच शब्द बोलत होती, असं मला आठवतं.

अक्काच्या घरी

चौथ्या दिवशी अक्काच्या घरी आलो. ताक, गाळलेलं वरण, नारळपाणी, आणि ती प्रोटीनची पावडर. त्या पावडरीला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव होती. मागच्या बाजूनं जे बाहेर पडायचं त्याचा वास मी इथे लिहीत नाही. अक्काच्या घरात एकच संडास होता आणि माझ्यानंतर कोणी अर्धा तास तिकडे फिरकत नव्हतं.

तोंडात सतत चिकट फेस यायचा. थुंकला की तार लोंबायची. उशाशी डबा असायचा. अक्काची सून तो डबा उचलताना पदर नाकाला लावायची. तिला मी दोष देत नाही. मीही लावला असता.

सगळ्यात वाईट म्हणजे स्वयंपाकघर. ज्या फोडणीच्या वासावर मी चाळीस वर्षं जगलो, तिचा वास आला की पोट ढवळून यायचं. शेवभाजीचा रस्सा उकळायला लागला की मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो. आणि गंमत बघा, ओकारी येत असतानाच तोंडाला पाणीही सुटायचं. पोटाला नको होतं, डोक्याला हवं होतं. डॉक्टर मॅडमनी हे आधी सांगितलं होतं. "मी पोट लहान करून देईन. बाकीचं तुमच्या ताब्यात." मी मान डोलावली होती.

बी

सोळावा दिवस. अक्काकडे पाहुणे जेवून गेले होते. बायका बाहेर ओट्यावर बोलत होत्या. मी संडासला म्हणून उठलो. मोरीपाशी उष्टी ताटं रचून ठेवली होती. वरच्या ताटात पुरीचा तुकडा होता, कोणीतरी दातांनी तोडलेला, आणि कडेला गार झालेलं भरीत.

मी ते खाल्लं. कोणाचं उष्टं, माहीत नाही. उभ्याउभ्या, भिंतीकडे तोंड करून. चावलं असं म्हणता येणार नाही. मग खालच्या ताटातली आणखी एक अर्धी पुरी खाल्ली.

दहा मिनिटांत छातीत कळ उठली. मग ओकाऱ्या, एकामागून एक, पण वर काही येईना, नुसता फेस आणि मग थोडं काळपट पाणी. पाणीही आत राहीना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला उभं राहता येत नव्हतं. रेखानं आणि अक्काच्या मुलानं मला पुन्हा दवाखान्यात नेलं.

नाडी धावत होती. ड्युटीवरच्या डॉक्टरनं मॅडमना फोन लावला. मॅडम त्या दिवशी धुळ्यातच होत्या, स्वतः आल्या. "विलासराव, काय खाल्लंत?"

"काही नाही."

"चुकून? चमचाभर भात? पोळी?"

"नाही, मॅडम. ताकच घेतलं."

त्यांनी रेखासमोर तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदाही नाही म्हणालो. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी रेखाला समजावून सांगितलं: काही खाल्लं नसेल आणि तरी असं होत असेल, तर टाके उसवून पोट आत गळत असण्याची भीती आहे. तसं असेल तर वेळ घालवून चालणार नाही, परत उघडून बघावं लागेल. ऑपरेशनच्या खोलीत तयारी ठेवायला त्यांनी माणूस पाठवला.

आता सांगावं, असं मला वाटलं. तोंडही उघडलं. पण 'उष्ट्या ताटातलं' हे शब्द जिभेवर आले आणि जीभ आत गेली. पोट पुन्हा उघडलं तरी चालेल, मेलो तरी चालेल, पण हे कळायला नको. माणूस इतका घाणेरडा विचार करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो माणूस मी होतो.

रेखा ओकारीचं भांडं रिकामं करायला घेऊन गेली होती. ती परत आली आणि भांडं तसंच मॅडमच्या समोर धरलं. तळाशी फेसात वांग्याचं एक बी होतं आणि जळक्या सालीचा काळा कण.

"यांनी भरीत खाल्लं आहे," ती म्हणाली. "काल आमच्याकडे भरीत-पुरी होती."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "आणि पुरी," मी म्हणालो. "उष्टी होती."

त्यांनी परत उघडायचा बेत थांबवला, आधी आतले फोटो काढले आणि मग दुर्बीण घालून बघितलं. टाके शाबूत होते. पोटाच्या अरुंद जागी पुरीचा लगदा अडकला होता, तो त्यांनी काढला. दोन दिवस सलाइनवर होतो. त्या दोन दिवसांत मॅडम मला एकदाही रागावल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही काय खाता ते तुमच्या हातात. पण मला खोटं सांगितलंत तर मी तुम्हाला चुकीच्या जागी कापीन."

रेखा पहिल्या दिवशी दवाखान्यात थांबली नाही. अक्काला बसवून कुठेतरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आली, खुर्ची ओढून बसली.

मी म्हणालो, "तुला माझी किळस येते, मला माहीत आहे. मलम लावताना तू श्वास धरायचीस. मी आरशात बघितलं होतं."

"वास यायचा म्हणून श्वास धरायचे," ती म्हणाली. "लेकराचं आवरतानाही धरतो आपण. ती काय किळस असते? किळस मला काल आली. मी त्या खोलीत उभी, तुम्हाला परत कापायची तयारी चाललेली, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून 'ताकच घेतलं' म्हणता."

मी उशाशी ठेवलेला पाण्याचा कप उचलला.

"तनूला मी सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "फोनवर. उष्ट्याचंही. आता लपवायला काही उरलं नाही. घोट घोट पाणी प्या."

नंतरचं

त्यानंतर वजन उतरत गेलं. सोपं झालं, असं नाही. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले, मोरीच्या जाळीत गुंता साठायचा. पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी खाली लोंबते. ती घडी अजून आहे, फक्त आत काही नाही. शर्ट काढला की अजून मी आरशाकडे पाठ करतो. एका बारशाला अर्धा गुलाबजाम खाल्ला तर पाच मिनिटांत घाम, धडधड, आणि पाहुण्यांच्या बाथरूममध्ये मी जमिनीवर बसलेलो.

पण झोप लागते. खरी झोप, रेखा सांगते की घोरतही नाही. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. घडीत मलम आता मी स्वतः लावतो, कारण आता मला ती जागा दिसते. आईला गाडीत बसवून फैजपूरला नेलं, पूर्ण रस्ता जागा होतो. ती मात्र पूर्ण रस्ता दाराचं हॅंडल धरून बसली होती.

दवाखान्यानं जुनी पँट हातात धरून फोटो मागितला. मी दिला. हसायला सांगितलं, हसलो. तो फोटो आता तिथे भिंतीवर आहे आणि मला तो बघवत नाही.

सुनील घरी येऊन गेला. मी दोन चमचे खिचडी घेतली आणि ताट सरकवलं. तो म्हणाला, "बस? विल्या, तुझ्यात आता मजा नाही राहिली यार." तो वाईट माणूस नाही. धुळ्याला दोनदा भेटायला आला होता, आईची दवाखान्यात ने-आण त्यानंच केली. पण तीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून काय बघत होता, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याला म्हणालो, "मजा तुम्हाला यायची. मला ॲसिडिटी व्हायची." तो हसला. मला हसू आलं नाही. त्या थंडीत मी शेतावर गेलो नाही.

पारोळ्याच्या बाई

परवा तपासणीला धुळ्याला गेलो होतो. बाहेर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, पस्तिशीच्या, दोन खुर्च्या जोडून. सोबत नवरा. पारोळ्याचे. पंधरा दिवसांनी त्यांचं ऑपरेशन होतं आणि तोवर फक्त पातळ पदार्थांवर राहायला सांगितलेलं. नवऱ्यानं भिंतीवरचा फोटो ओळखला. "तुम्हीच का ते? हिला सांगा ना जरा, घाबरते."

तेवढ्यात त्याला कागद घ्यायला काउंटरवर बोलावलं. तो गेल्याबरोबर बाई हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. खावंसं वाटणं जातं का?"

"चांगलं असतं, करून टाका" हे माझ्या तोंडाशी आलं होतं.

"नाही जात," मी म्हणालो. "पोटाचं कमी होतं. डोक्याचं राहतं. मी तर सोळाव्या दिवशी उष्ट्या ताटातलं खाल्लं होतं."

मला वाटलं, आता उठून लांब बसतील. त्या म्हणाल्या, "मग?"

"मग खोटं बोललो. त्यानं मरायला टेकलो होतो, खाण्यानं नाही." एवढं सांगताना मला घाम फुटला. त्या दिवशी मॅडम आणि रेखासमोर बोललो ते सोडलं तर हे मी कोणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. "ताई, तुमच्या हातून खाल्लं जाईल. एखाद्या दिवशी जाईलच. तेव्हा पहिला फोन मॅडमना करा."

नवरा कागद घेऊन परत आला. त्यांचं नाव पुकारलं. बाई खुर्चीचा हात धरून उठल्या आणि नवऱ्यामागून आत गेल्या. दार अर्धवट लोटलेलं राहिलं. आतून मॅडमचा आवाज आला, "डाएट नीट चाललंय ना?"

"हो, एकदम," नवरा म्हणाला.

"नाही मॅडम," बाई म्हणाल्या. "आत्ता येताना स्टँडवर दोन कचोऱ्या खाल्ल्या. हे पाण्याची बाटली आणायला गेले होते तेव्हा."